आरसा धरून उभं राहणं

सलून चालवणाऱ्या बाईला लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. एक, केस गळायचे थांबायला काय लावू? दुसरा, तुमच्याकडे मुली टिकतात का हो? पहिल्याचं उत्तर मला आजही येत नाही. दुसऱ्याचं येतं, पण ते द्यायचं तर वैशालीबद्दल बोलावं लागतं, आणि वैशालीचं नाव निघालं की माझा आवाज बदलतो असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे. लिहिताना आवाज ऐकू येत नाही, म्हणून लिहायला बसले.

काळेवाडीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी पार्लर काढलं, तेव्हा हे भोसरीतल्या एका कंपनीत शिफ्टमध्ये होते. हे फर्स्ट शिफ्टला गेले की मी खोलीतला दिवाण भिंतीला सरकवायची, आरशावरचा टॉवेल काढायची आणि दुकान सुरू. भुवया, हेअरकट, फार तर मेंदी. एकटी होते तोवर सगळं सोपं होतं. चांगलं झालं तर मी केलं, बिघडलं तरी मीच केलं. पुढे रहाटणी रोडला गाळा घेतला, बोर्डावर ‘सलून’ लिहिलं, हाताखाली मुली आल्या आणि माझी झोप उडाली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, या धंद्यात अवघड म्हणजे कात्री चालवणं. छे हो. कात्री शिकवता येते. अवघड आहे ते चार मुलींपैकी एकीच्या तोंडून ‘हे मी केलं’ एवढं वदवून घेणं. सलूनमधलं काम हातोहात फिरतं. एक जण गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधते, दुसरी रंग कालवते, तिसरी केस धुते, वाळवायला जी मोकळी असेल ती. गर्दीच्या दिवशी हे फार झकास दिसतं, भराभर खुर्च्या रिकाम्या होतात. पण बिघडलं की त्या डोक्याला वाली उरत नाही. धुणारी म्हणते, मी फक्त धुतलं. लावणारी म्हणते, मला दिलं ते मी लावलं. आणि सगळ्यात शेवटी सगळ्या मिळून गिझरकडे बोट दाखवतात.

मी काय काय उपाय केले म्हणून सांगू! दंड लावून पाहिला. त्यानं एवढंच झालं, की मुली दंड भरायच्या आणि प्रकरण मिटलं असं समजून मोकळ्या व्हायच्या. वर ‘भरला ना दंड’ म्हणून माझ्याशीच गुर्मीत. मग कॅमेरे बसवले. कॅमेऱ्यात सगळं दिसायचं. कोण कुठे उभी होती, कुणी कुणाच्या हातात वाटी दिली. जबाबदार कोण तेवढं दिसायचं नाही. एका मोठ्या हॉटेलात सलून मालकांसाठी शिबिर होतं, तिथेही जाऊन आले. तिथल्या साहेबांनी सांगितलं, स्टाफला ‘ओनरशिप’ द्या. मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, ‘अहो, गाळ्याचे हप्ते अजून माझ्याच नावावर आहेत, ओनरशिप देऊ कुठून?’ जेवण मात्र चांगलं होतं.

वैशाली आमच्याकडे कामाला लागली ती परभणीहून लग्न होऊन इथे आल्यावर. नवरा दत्ता इथे पिंपरीतल्या एका कारखान्यात लागलेला. बारीक अंगाची, सावळी, बोलायला मोकळी. तिच्या हातात एक गंमत होती. गिऱ्हाईक बसलं की ती आधी कात्रीला हात लावायची नाही. दोन्ही तळवे त्याच्या डोक्यावर ठेवायची आणि गप्प उभी राहायची. मी एकदा विचारलं, ‘काय गं, आशीर्वाद देतेस की काय?’ तर म्हणाली, ‘न्हाई ओ ताई, केस कुठल्या बाजूला पडायलेत ते बघायलेय.’

आणि गिऱ्हाइकं तरी काय एकेक! हिंजवडीच्या मुली संध्याकाळी कंपनीच्या कॅबमधून उतरायच्या त्या लॅपटॉपसकट. एकीनं डोक्याला रंग लावलेला असतानाच मीटिंग घेतली आणि चुकून कॅमेरा चालू झाला. डोक्यावर फॉइलचे चकचकीत तुकडे उभे, गळ्यात काळं कापड. आम्ही सगळ्या हादरलो. ती शांतपणे म्हणाली, ‘जाऊ द्या ताई, मॅनेजरला माझं खरं रूप कधीतरी कळायलाच हवं होतं.’ एक काकू यायच्या, त्या स्वतःच्याच लग्नातला फोटो घेऊन. म्हणायच्या, अस्सं करून दे. बाकीच्या मुली तोंडाला ओढणी लावून हसायच्या. वैशाली फोटो हातात घेऊन नीट बघायची आणि म्हणायची, ‘काकू, केस देते की असे. चेहरा तर तुमचाच हाय, तो कुठं जायलाय?’ काकू इतक्या खूश की फोटोतला अंबाडा विसरून साधा सरळ रेषेतला ब्लंट कट करून जायच्या.

तर ते नवरीचं प्रकरण. काळेवाडीच्याच जुन्या घरातली मुलगी, लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. केसांत सोनेरी बटा हव्या होत्या. यातली मेख अशी, की ज्या केसांना बाजारची काळी मेंदी लागलेली असते त्यांच्यावर ब्लीच लावायचं नसतं. त्या मेंदीत काय काय कालवलेलं असतं देव जाणे, पण ब्लीचशी गाठ पडली की केस गरम होतात आणि तुटून हातात येतात. म्हणून आधी विचारायचं, आणि विचारून भागत नाही, म्हणून मानेजवळची एक बारीक बट कापून तिच्यावर लावून बघायचं. आमच्याकडच्या प्रत्येक मुलीला हे पाठ होतं. त्या दिवशी मात्र लगीनसराईची गर्दी. वैशालीनं कापड बांधलं आणि दुसरं गिऱ्हाईक ओरडलं म्हणून तिकडे गेली. ब्लीच आमच्याकडच्याच मनीषानं लावलं. मनीषाला वाटलं वैशालीनं विचारलं असेल, वैशालीला वाटलं लावणारी विचारेल. धुवायला घेतलं आणि उजव्या कानामागची अख्खी बट बेसिनमध्ये आली.

मुलगी रडायचीसुद्धा विसरली. नुसती आरशात बघत राहिली. अर्ध्या तासात तिची आई आली, पदर खोचलेला.

‘आमची पोरगी बोहल्यावर चढायची हाय, आन् तुमी तिचं ह्ये करून ठिवलं? कुनी केलं ह्ये? म्होरं या की! आमी कुनाला धरायचं?’

मी तोंड उघडलं, पण त्या बाई मला म्हणाल्या, ‘तुमी ऱ्हाऊ द्या. तुमी मालकीन. कुनाच्या हातानं झालं त्ये इचारतीय मी.’

मनीषा भिंतीला चिकटली होती. धुणारी मुलगी आत टॉवेलांच्या घड्या घालायला पळाली. मला कळून चुकलं, की आता गिझरची पाळी येणार. तेवढ्यात वैशाली हात पुसत पुढे आली आणि बाईंच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

‘काकू, हिला कापड मी बांधलंय. म्हणजे डोकं माझं होतं. मेंदी लावली का म्हणून विचारायचं माझ्याकडून ऱ्हायलं, बट कापून बघायची पण ऱ्हायली. दुसऱ्या कुणाला बोलू नका.’

मनीषानं चमकून तिच्याकडे बघितलं. मीसुद्धा. बाईंचा हात हवेत होता तो तसाच खाली आला. भांडायला आलेल्या माणसाला समोर कुणीतरी सापडलं, की त्याचंही पुढचं बोलणं अडतं.

‘मंग? आता काय करतीस?’

‘लग्नापर्यंत हिचे केस माझ्याकडं. दर आठवड्याला मी घरी येते. लग्नाचा अंबाडा पण मीच घालीन, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका.’

आणि ती गेली. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी जायची, तेल घेऊन, कात्री घेऊन. तुटलेल्या बटेभोवतीचे केस तिनं असे काही कापत आणले, की लग्नाच्या दिवशी कानाजवळ एक आखूड कुरळी बट मुद्दाम सोडल्यासारखी रुळत होती. मी लग्नाला गेले होते. जेवणाच्या पंगतीत नवरीच्या आईनं वैशालीला उठवलं, आत नेलं आणि तिची ओटी भरली. पुढच्या महिन्यात नवरीच्या दोन मैत्रिणी कानाजवळ तश्शीच बट कापून मागायला आल्या, ते वेगळंच.

आमचा नियम त्या दिवसापासून झाला. जिनं कापड बांधलं, तिनंच सोडायचं. मधे दहा जणींनी हात लावला तरी डोकं तिचं. उशीर होणार असेल तर आपल्या गिऱ्हाइकाला आपणच फोन करायचा, मालकिणीनं नाही. आणि शेवटी मागचा आरसा तिनंच धरायचा.

हा मागचा आरसा म्हणजे काय ते सांगायला हवं. केस कापून झाले की गिऱ्हाइकाच्या पाठीमागे हातात आरसा धरतात, म्हणजे समोरच्या आरशात मागची बाजू दिसते. सगळीकडे हे काम जी रिकामी असेल ती करते, आरसा दोनदा हलवते आणि विचारते, ‘छान झालेत ना मॅडम?’ वैशाली म्हणाली, ‘ताई, असं विचारायचंच न्हाई. आपण विचारलं की बाया भिडेपोटी हो म्हणतात आणि घरी जाऊन रडतात. आरसा धरायचा आणि गप उभं ऱ्हायचं. त्या आपणहून बोलल्या की मगच खाली ठेवायचा.’

ऐकायला किती साधं! करून बघा. गिऱ्हाईक स्वतःची मान बघतंय, तुम्ही त्याच्या मागे उभ्या, तुमचाही चेहरा त्याच आरशात, आणि कुणी काही बोलत नाही. मनीषाला पहिल्यांदा हसू फुटलं, दुसऱ्यांदा घाम. आमचा आरसाही हलका नव्हता. प्लॅस्टिकचे सारखे फुटायचे म्हणून मी पिंपरीच्या बाजारातून लाकडी चौकटीचा जाडजूड आणला होता. हात भरून यायचे. पण त्या शांततेत बायका खरं बोलायला लागल्या. ‘डावीकडे थोडे लांब वाटतात गं.’ ‘मला वाटलं होतं तसे नाही झाले, पण आवडले.’ एक जण म्हणाली, ‘माझी मान आईसारखी आहे, मला माहीतच नव्हतं.’ आणि मुलींचं म्हणाल, तर ज्या मुलीला माहीत असतं की शेवटी आपल्यालाच तिथे उभं राहायचंय, ती सुरुवातीलाच विचारते, ‘ताई, मेंदी लावली होती का?’ मला ना दंड लागला, ना कॅमेरा. कॅमेरे पुढे बंद पडले ते मी दुरुस्तसुद्धा केले नाहीत. लोक मला म्हणायचे, काय शिस्त लावलीय हो तुम्ही! मी म्हणायची, मी नाही, वैशालीनं. त्यांना तो माझा विनय वाटायचा.

ते दिवस मला इतके आवडायचे, की सुट्टीच्या दिवशीही मी किल्ली घेऊन गाळ्यावर जाऊन बसायची. शनिवारी सकाळी चारही खुर्च्या भरलेल्या, ड्रायरची घरघर, आणि मधेच दुसऱ्या खुर्चीमागून वैशालीचं हसणं. माझे केसही तीच कापायची. दुसऱ्या कुणाला मी हात लावू दिला नाही.

मग दत्ताच्या कंपनीनं सगळं काम चाकणला हलवलं. आपल्या भागात ही काही नवलाची गोष्ट नाही, एकामागून एक कारखाने तिकडे गेले आणि मागोमाग माणसं. पहिले काही दिवस दत्ता कंपनीच्या बसनं गेला. नंतर त्यांनी चाकणला घर घेतलं, मुलांना तिकडच्या शाळेत घातलं, आणि आता प्रवास वैशालीच्या वाट्याला आला. चाकण, मोशी, भोसरी, नाशिक फाटा, पिंपरी, मग काळेवाडी. ज्यांनी तो रस्ता सकाळी बघितलाय त्यांना सांगायला नको. कंटेनरच्या मागे कंटेनर उभे.

पण ती यायची. उशीर होतोय असं दिसलं की बसमधूनच गिऱ्हाइकाला फोन. ‘मॅडम, मी वैशाली. मोशीत अडकलेय, गाडी हालनाच गेलीय. थोडं उशिरा निघता का?’ गिऱ्हाइकं निघायची उशिरा. तिच्यासाठी थांबायची. मी मनातून निर्धास्त होते, की बघा, नियमानं सगळं निभावून नेलं.

एकदा एका मुलीची नोकरीची मुलाखत होती, हिंजवडीत. त्याआधी केस कापून हवे होते आणि तिला वैशालीच हवी होती. वैशाली पहाटेच घरून निघाली, तरी मोशीत अडकली. तिनं फोन केला, पण मुलीला थांबता येण्यासारखं नव्हतं. मग मनीषानं कापड बांधलं, मनीषानं कापले, मनीषानं आरसा धरला. फार सुरेख कापले होते. मुलगी खुशीत जिना उतरत होती आणि वैशाली धापा टाकत चढत होती. ‘ताई, मस्त झालेत!’ असं मुलगीच तिला म्हणाली. काही बिघडलं नाही, कुणी रागावलं नाही. मी तर मनीषाच्या पाठीवर थाप मारली.

वैशाली त्या दिवशी नेहमीसारखी काम करत होती, पण दुसऱ्या खुर्चीमागून हसणं ऐकू आलं नाही. दुपारी डबा खाताना म्हणाली, ‘ताई, मी सोडते आता.’

‘का गं? काय झालं? सगळं नीट तर झालं!’

‘तेच की. डोकं माझं होतं आणि मी बसमध्ये होते. आजची मुलगी चांगली होती. पण सकाळच्या वेळेचा शब्द मला आता देता येना गेलाय, ताई. शब्द द्यायचा आणि मोशीत बसून ऱ्हायचं, हे काही बरं न्हाई.’

मी काय काय म्हणून बघितलं. म्हटलं, दुपारनंतर ये. नुसती शनिवार-रविवार ये. रात्रीची माझ्याकडे राहा, माझ्या मुलीची खोली तिच्या लग्नापासून रिकामीच आहे. म्हटलं, तुला कुणी विचारणार नाही, तू कधीही ये. हे शेवटचं बोलले आणि माझं मलाच कळलं.

ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, ‘मनीषाला म्हणला असता का असं?’

मी मान हलवून नाही म्हटलं.

‘मग मला नका म्हणू. तुम्ही माझ्यासाठी सोडलं, की उद्या कोणत्या तोंडानं पोरींना सांगाल?’

मला तिचा इतका राग आला! वाटलं, कशाला एवढं खरं वागायचं? माझ्या बाकीच्या मैत्रिणींची सलूनं चालतातच ना, मुली उशिरा येतात, थापा मारतात, वर्षानुवर्षं टिकतात. वैशाली थोडी खोटी असती, तर माझ्याकडे राहिली असती. ज्या गोष्टीसाठी मी तिला जीव लावला, त्याच गोष्टीनं तिला माझ्याकडून नेलं. हे मी कुणाला सांगू?

आता मी गाळा भाड्यानं दिलाय. तिथे एका मोठ्या साखळीचं चकाचक सलून आहे. मनीषानं काळेवाडीतच स्वतःचं काढलं, बरं चाललंय तिचं. मी एकदा माझ्याच जुन्या गाळ्यात केस कापायला गेले. एकीनं कापड बांधलं, दुसरीनं कापले, तिसरीनं मोबाइलवर माझ्या डोक्याचा मागून फोटो काढून दाखवला आणि म्हणाली, ‘मॅम, ॲपवर फाइव्ह स्टार द्याल ना प्लीज?’ मी दिले. लेकराचं पोट असतं त्यावर. घरी येऊन आरशात पाहिलं, तर उजवी बाजू लांब राहिली होती, आणि ते कुणाला सांगायचं ते मला कळेना.

वैशालीनं चाकणला दोन खुर्च्या टाकल्यात. दिवाळीला फोन येतो. ‘ताई, या की एकदा, केस वाढले असतील.’ मी म्हणते, येते. हे विचारतात, जात का नाहीस? मी म्हणते, ट्रॅफिक असतं हो. खरं असं आहे, की मला तिच्या खुर्चीत बसायची भीती वाटते. बसेन, पण पुन्हा उठायचं कसं?

कारण एकदा ते करून झालंय. तिच्या शेवटच्या दिवशी सगळी गिऱ्हाइकं गेल्यावर ती म्हणाली, ‘बसा ताई, तुमचे कापून देते.’ तिनं माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं. दोन्ही तळवे माझ्या डोक्यावर ठेवले आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवले. मग कापले. मनीषा झाडू घेऊन उभी होती, ती बाहेर निघून गेली. वैशालीनं लाकडी चौकटीचा आरसा उचलला आणि माझ्या मागे उभी राहिली. समोरच्या आरशात माझी मान दिसत होती, आणि तिच्यावर वैशालीचा चेहरा. ती काही विचारणार नव्हती. मी बोलल्याशिवाय तिला आरसा खाली ठेवता येणार नव्हता आणि कापडही सोडता येणार नव्हतं. हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

मी बोलले नाही.

खाली रस्त्यावर रिक्षावाले ओरडत होते, तिची बस निघायची वेळ होत आली होती. तिनं एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. हळूहळू आरशातली माझी मान हलायला लागली. मला वाटलं मी रडतेय म्हणून हलतेय. मग लक्षात आलं, तिचे हात भरून आले होते.

‘छान झालेत गं,’ मी म्हटलं.

तिनं आरसा खाली ठेवला आणि कापड सोडलं.